वेटिंग लिस्ट आणि पाण्याची बारी

वेटिंग लिस्टला नाव लागणं ही काळजीची गोष्ट असते, हे मला शेजारच्या काकूंनी समजावून सांगितलं. तोपर्यंत मी चांगली खुशीत होते. वसईतल्या आमच्या कॉलेजात मला बी.एस्सी.ला मायक्रोबायॉलॉजी घ्यायची होती. त्या विषयाचा वर्ग लहान, कारण त्याची प्रयोगशाळा लहान. अर्ज मात्र नायगावपासून विरारपर्यंतच्या पोरापोरींचे. एवढ्या गर्दीत माझा वेटिंगला नंबर तिसरा लागला होता. शाळेत धावण्याच्या शर्यतीत तिसरी आले तर पेन मिळायचं, मग इथे प्रवेश का मिळू नये, असा माझा साधा विचार होता.

"अगं, वेटिंग म्हणजे नाहीच म्हटल्यासारखं," काकू म्हणाल्या. "फक्त तोंडावर सांगत नाहीत एवढंच."

"नाहीच म्हणायचं असतं तर नंबर कशाला दिला असता?" मी म्हटलं.

काकूंनी आईकडे बघून मान हलवली. माझ्या तोंडाळपणाची आमच्या गिरीज गावात बऱ्यापैकी ख्याती होती आणि मी ती जपतही होते.

हा विषय डोक्यात शिरला तो बारावीच्या प्रॅक्टिकलमुळे. आमच्या ज्युनिअर कॉलेजात धड दिसणारा सूक्ष्मदर्शक एकच होता. डबक्यातलं पाणी काचेवर घेऊन सगळ्यांनी रांगेने बघायचं, बघून झालं की वहीत आकृती काढायची. मी डोळा लावला तो काढेचना. एका थेंबात एवढी धावपळ चाललेली असते आणि आपल्याला पत्ताच नसतो, हे मला फार आवडलं. शेवटी मागच्या मुलीने वेणी ओढली तेव्हा बाजूला झाले. आकृती साफ चुकली. पण पुढे शिकायचं तर हेच, हे त्या दिवशी ठरलं आणि मग कोणी काय सांगितलं तरी ते बदललं नाही. सांगणारे कमी नव्हते. डी.एड. कर, नोकरी पक्की, हे तर येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगायचा. आमच्या भागात घराघरांत एक तरी शिक्षक निघतोच, त्यात माझ्यावाचून काही अडणार नव्हतं.

अडचण एकच होती. कॉलेजच्या खिडकीवरच्या क्लार्कने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "साध्या बी.एस्सी.ला प्रवेश घेतलास की वेटिंगमधून नाव गेलं. दोन्हीकडे पाय ठेवता येणार नाही." म्हणजे थांबायचं तर हातातली साधी जागा सोडून थांबायचं. आणि थांबूनही मिळाली नाही तर वर्ष फुकट.

वडील मुंबईत एका ऑफिसात कारकून होते. त्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि "शेवटच्या तारखेपर्यंत बघू" असं म्हणून पेपर उघडला. आईने मात्र हातातली भाजी निवडायची थांबवली.

"तुज्या पुढं कोन हायत?" तिने विचारलं.

आमची घरची बोली मी इथे जशीच्या तशी लिहीत नाही. लिहिली तर अर्नाळ्याच्या पलीकडे कोणाला कळायची नाही. थोडी सोपी करून लिहिते.

"पहिला एक मुलगा आहे नायगावचा, दुसरी एक मुलगी वटारची," मी म्हटलं. बोर्डावर नावापुढे गावंही लिहिलेली होती.

"मग इचारलं का त्यांना?"

"काय विचारायचं?"

"घेनार का सोडनार ते."

मला हसू आलं. पण आईच्या चेहऱ्यावर हसण्याची काही खूण नव्हती, आणि मग माझ्या लक्षात आलं की ती विहिरीच्या हिशोबाने बोलते आहे.

आमची विहीर तीन घरांत मिळून होती. तिन्ही घरं भावकीतली, तिघांच्या वाड्या एकमेकींना लागून. केळी, तोंडली, थोडी फुलं. कोणी कोणत्या दिवशी पंप लावून आपल्या वाडीला पाणी सोडायचं ते ठरलेलं होतं, त्याला आम्ही बारी म्हणायचो. आज तुमची बारी, उद्या त्यांची. एखाद्याला आपल्या बारीचं पाणी नको असेल तर पुढच्याने ते घ्यावं, पण आधी त्याच्या अंगणात जाऊन विचारायचं, "घेनार का सोडनार?" आणि उत्तर द्यायचं ते वाडी शिंपणाऱ्यानेच. घरातल्या दुसऱ्या कोणी दिलेलं उत्तर धरायचं नाही. हा नियम एका भांडणातून आला होता. एकदा चुलत काका ओटीवर बसल्या बसल्या "घ्या घ्या, आम्हाला नको" म्हणाले आणि आम्ही पाणी घेतलं. वाडी शिंपायच्या काकी. त्या बाजारातून परत आल्या तर पाणी गेलेलं आणि तोंडलीचा वेल मान टाकून पडलेला. पुढे कितीतरी दिवस दोन्ही घरांत कढीपत्त्याचीसुद्धा देवघेव बंद होती. तेव्हापासून आमच्याकडे पुरुष ओटीवरून काही बोलले तरी बायका ते कानाआड करतात.

आईच्या मते वेटिंग लिस्ट ही बारीच होती. पुढे दोघं आहेत, तर जाऊन विचारायचं. त्यात लाजण्यासारखं काय आहे ते तिला कळेना.

"आई, कॉलेजात असं नसतं. ते लोक आपणहून कळवतात."

"कोन कळवतो? पंप बंद असला तरी कोन सांगायला येतो का? आपनच जायचं असतं."

दोन दिवस मी टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी तिने केळ्यांची एक फणी पिशवीत घातली, चांगलं लुगडं नेसली आणि दारात उभी राहिली. मी चपला घातल्या. आईला एकटीला पाठवलं असतं तर ती नायगावात प्रत्येक दारात "वेटिंगवाला पोरगा इथंच राहतो का" असं विचारत फिरली असती.

त्या मुलाचं घर माझ्या क्लासमधल्या एका मैत्रिणीला माहीत होतं. नायगावला तेव्हा नव्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. त्यांतल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते राहत. दार त्याच्या आईने उघडलं. पिशवी बघून त्यांनी आधी "आज भाजी नको" असं सांगितलं.

"भाजी नाय ताई," आई म्हणाली, "तुमच्या पोराचा नंबर पयला हाय, माज्या पोरीचा तिसरा. म्हनून इचारायला आले. तो घेनार हाय का सोडनार?"

मला जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं, पण तिसऱ्या मजल्यावर जमीन तरी कुठली. त्या बाईंना सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर मात्र त्या मोकळेपणाने हसल्या आणि आम्हाला आत बसवलं.

"अहो, त्याला इंजिनीअरिंगला मिळालंसुद्धा. फी भरून झाली. हे कॉलेज आम्ही विसरूनच गेलो होतो."

"मग त्यांना सांगितलं का?"

"आम्हाला वाटलं, त्यांना आपोआप कळतं."

मी आईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला सहन झाला नसता. मुलगा आतून आला, उंच, लाजरा, शॉर्ट घातलेला. आईने त्यालाच विचारलं, "बाबा, तू सांग. सोडलीस?"

"हो काकू, सोडली."

"उद्या जाऊन तिकडं सांगून येशील?"

"जाईन."

तो खरंच गेला. दुसऱ्या दिवशी बोर्डावर त्याच्या नावावर रेघ मारलेली होती. मला आता आईबद्दल नुसता आदर नाही तर जवळजवळ भक्ती वाटायला लागली. वटारला जायची घाई मीच केली, केळ्यांची नवी फणीही मीच पिशवीत घातली. मला पक्कं वाटत होतं की तिकडेही कोणीतरी असंच काहीतरी विसरलेलं असणार.

वटारचं घर विचारायला वेळ लागला नाही. नाव सांगितलं की लोक बोट दाखवत. अंगणात पांढरा चुना दिलेला क्रूस, त्याच्या पायाशी ताजी जास्वंद, मागे नारळी आणि पानवेलींचा मांडव. मुलीचे वडील ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. आईने आमची ओळख सांगितली, गिरीजमध्ये कोणाच्या शेजारी ते सांगितलं, मग त्यांच्या आणि आमच्या ओळखीची दोन-तीन माणसं निघाली, चहा आला, आणि मग तिने विचारलं.

"ती सीट?" ते म्हणाले. "घ्या तुमी. आमची पोरगी नाय जानार तिकडं. तिला नर्सिंगला घालतोय. आत्या हाय तिची तिकडं हॉस्पिटलात, तिनं बोलून ठेवलंय. शिकता शिकता पगार पन मिलतो."

मी चहाचा कप खाली ठेवला. पहिला गेला, दुसरी गेली. आता जी जागा सुटेल ती माझी. मनातल्या मनात मी वर्गात जाऊन बसलेसुद्धा, खिडकीजवळच्या बाकावर.

आई म्हणाली, "बरं. पन बारी कोनाची?"

"म्हंजे?"

"नाव तुमच्या पोरीचं लागलंय. तिला बोलवा. तिनं सांगितलं की आमी निघतो."

मी तिच्या पायावर पाय ठेवला. तिने तो काढून घेतला. मी पुन्हा ठेवला. ती मोठ्याने म्हणाली, "पाय नीट ठेव गं."

त्या गृहस्थांना हे फारसं रुचलं नाही, पण त्यांच्याकडेही विहीर होती, त्यांनाही बारी कळत होती. त्यांनी आत हाक मारली. मुलगी मागच्या दाराने आली. विड्याच्या पानांच्या जुड्या लावत बसली असणार, बोटं हिरवी झाली होती. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा बारीक, ओढणी खांद्यावर गाठ मारून बांधलेली. तिने आमच्याकडे बघितलं, मग वडिलांकडे.

"बाय," आई तिला म्हणाली, "यादीत माज्या पोरीच्या पुढं तुजं नाव हाय. तू घेनार का सोडनार? जे असेल ते सांग. आमी रागवनार नाय."

मी मात्र रागवायला तयार बसले होते. ती बोटांवरचा हिरवा रंग चोळत राहिली. तिचे वडील म्हणाले, "बोल की. नर्सिंगला चाललीस ना?" तिने बोटं ओढणीला पुसली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मी सोडलेली नाय."

आवाज एवढा लहान होता की मला वाटलं, कोणी ऐकलाच नाही. पण आई उठून उभी राहिली. "झालं मग. बारी तुजी," ती म्हणाली. केळ्यांची फणी तिने मुलीच्या हातात दिली आणि आम्ही निघालो.

रस्त्याला लागल्यावर मी आईला जे बोलले त्यातलं अर्धं मी आज लिहिणार नाही, कारण ते ओरडणंच होतं. मुद्दा एवढाच होता की तिच्या बापाने जागा ताटात वाढून दिली होती आणि हिने ताट परत सरकवलं. एक शब्द न बोलता चहा पिऊन उठलो असतो तर काय बिघडणार होतं? कॉलेज म्हणजे काय आपली विहीर आहे का?

"तिनं सांगितलं नसतं तर गोष्ट वेगळी," आई म्हणाली.

"तू विचारलं नसतंस तर तिने सांगितलं नसतं!"

"म्हनूनच तर इचारायचं असतं," असं म्हणून ती बस येते का ते बघायला लागली. तिला यात वाद घालण्यासारखं काही दिसतच नव्हतं आणि माझा राग त्यामुळे आणखी चढला.

तरीही मी आशा सोडली नव्हती. बापाचा विचार पक्का दिसत होता. पोरगी एकदा बोलली, पण प्रवेशाच्या दिवशी तिला कॉलेजपर्यंत कोण आणणार? काही दिवसांनी बोर्डावर सूचना लागली की एक जागा रिकामी झाली आहे, वेटिंगच्या विद्यार्थ्यांनी सकाळी हजर राहावं. मी आणि आई वेळेच्या कितीतरी आधी पोचलो. खिडकीसमोरच्या बाकावर ती दोघं आमच्याही आधी येऊन बसली होती. मुलीने केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती आणि सर्टिफिकेटांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरली होती. वडिलांचा चेहरा आंबट.

"काय करनार बाय," ते आईला म्हणाले. "तुमच्यासमोर बोलली ना ती. दुसऱ्या घरासमोर शब्द गेला, आता मी मागं कसा घेऊ? हिची आई बोलते, बापाच्या शब्दाला किंमत हाय तर पोरीच्या पन शब्दाला हाय."

क्लार्कने नाव पुकारलं आणि तिने फी भरली. एवढंच झालं, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खिडकीतून मागे वळताना ती माझ्यासमोर थांबली. काहीतरी बोलायचं होतं तिला, पण मी नोटीस बोर्ड वाचत असल्याचं दाखवलं. त्यावर ग्रंथालयाच्या वेळा लिहिल्या होत्या, त्या मला आजही पाठ आहेत.

आता मी वेटिंगला पहिली होते. त्याच आठवड्यात साध्या बी.एस्सी.ची शेवटची तारीख होती. वडिलांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"साधीला घालून टाकू," ते म्हणाले. "वर्ष तरी वाया जाणार नाही."

"हिला इचारा," आई चुलीपाशी बसून म्हणाली. "ती शिकनार हाय."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी साधीच घेऊन टाकावी असं वाटलं. पण शेजारच्या काकूंचा चेहरा आठवला, डबक्यातला थेंब आठवला, आणि मी म्हटलं, "मी थांबते. जागा सुटणार. मेडिकलच्या याद्या लागल्या की दरवर्षी कोणीतरी जातंच." हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच माझ्या मनाशी मांडलेलं गणित होतं ते, पण बोलताना असं बोलले की वडिलांना ते कुठल्यातरी सरकारी नियमासारखं वाटलं असावं.

"गणपतीपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर टायपिंगचा क्लास लावायचा आणि पुढच्या वर्षी जे मिळेल ते."

मी हो म्हटलं. आणि त्या दिवसापासून आईशी बोलणं जवळजवळ बंद केलं. जेवायला वाढ, मीठ दे, पंप लावला का, एवढंच. तिने मला वटारला नेऊन हरवलं होतं आणि तरी ती शांतपणे वाल सोलत बसायची, हे मला सहन होत नव्हतं. माझ्या रागात काहीच चुकीचं नव्हतं असं मला आजही वाटतं. तिने बरोबर केलं होतं म्हणून माझं नुकसान कमी होत नव्हतं.

थांबण्याच्या त्या दिवसांत मी एक गोष्ट शिकले, की लोकांना तुमच्या थांबण्याचा तुमच्यापेक्षा जास्त त्रास होतो. बस स्टॉपवर, दळणाच्या गिरणीत, लग्नाच्या पंगतीत, "झालं का गं तुझं?" मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "पहिला नंबर आहे." लोक गोंधळायचे, काही जण अभिनंदनही करायचे. एका मामींनी तर माझ्या हातावर खाऊला पैसे ठेवले. मी ते घेतले. एक दिवसाआड सायकल काढून कॉलेजात जायचे, बोर्ड बघायचे आणि परत यायचे. क्लार्क मला लांबून बघूनच हाताने "नाही" अशी खूण करायला लागला होता. तरी मी बोर्डापर्यंत जायचेच. त्याच्या खुणेवर माझा विश्वास नव्हता.

एकदा ती वटारची मुलगी मला कॉलेजच्या फाटकाशी भेटली. अंगात पांढरा एप्रन होता.

"बोर्डावर नेहमी लगेच लागत नाय," ती म्हणाली. "आधी वर्गात कळतं. आमच्यात दोघं मेडिकलची वाट बघतायत."

"बरं," मी म्हटलं आणि सायकलवर टांग टाकली. तिच्या एप्रनकडे बघवत नव्हतं.

मग गणपती जवळ आले. आमच्याकडे दीड दिवसांचा असला तरी तयारी आठवडाभर चालते. भिंतींना रंग, भांड्यांची कल्हई केल्यासारखी घासपूस, करंज्यांचं सारण, आणि मखर माझ्याकडे. त्या वर्षी मी थर्माकोलचं देऊळ करायला घेतलं होतं, खांब कापताना ते सारखे वाकडे जात होते. त्या गडबडीत तीन-चार दिवस कॉलेजकडे फिरकणं झालं नाही. खरं तर मुद्दामच गेले नाही. गणपतीपर्यंतची मुदत संपत आली होती आणि ती बोर्डासमोर उभं राहून संपावी असं मला वाटत नव्हतं. टायपिंगच्या क्लासची चौकशी वडील करून आले होते.

हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी अंगणात स्कूटर थांबली. मी थर्माकोलच्या भुग्यात बसले होते, केसांत, भुवयांवर सगळीकडे पांढरं. वर बघितलं तर वटारचे ते गृहस्थ आणि मागच्या सीटवरून उतरणारी त्यांची मुलगी.

"उद्या बारापर्यंत!" तिने चप्पल काढण्याआधीच सांगितलं. "एक जन मेडिकलला गेला. आज दुपारी नोटीस लावली. उद्या बारापर्यंत वेटिंगवालं कोन आलं नाय तर पुढच्याला देनार, मग सुट्टी. तू दिसली नाहीस ना चार दिवस, म्हनून मी आले."

हातातली सुरी मी भुग्यातच टाकली. कॉलेजातली निम्मी मुलं सणाच्या तयारीला घरी होती, बोर्डासमोर कोणी नव्हतं. हिच्या घरी गणपती नव्हता, म्हणून ही नेहमीसारखी वर्गात गेली, आणि म्हणून तिने नोटीस वाचली. मला रडायला येत होतं आणि हसूही येत होतं, आणि तोंडात थर्माकोल गेला होता.

आईने त्यांना ओटीवर बसवलं. करंज्या देवासाठी होत्या, म्हणून पोहे केले. गृहस्थ बशी हातात घेऊन माझ्या वडिलांना तक्रार करायला लागले.

"तुमच्या बायकोनं त्या दिवशी हिला बोलायला लावलं. तेव्हापासून ही थांबलेली नाय साहेब. हे मला पटत नाय, ते मला पटत नाय. आज बोलते, आत्ताच्या आत्ता गिरीजला न्या, नायतर मी चालत जाते. मी बोललो, उद्या सकाळी जाऊ. नाय म्हनजे नाय."

वडील हसले. "आमच्याकडे ती आधीपासून बोलते," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले.

"मग दोघी एका वर्गात," ते गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी मास्तरांची कीव करावी तशी मान हलवली. मुलगी माझ्याशेजारी भुग्यात येऊन बसली आणि वाकडा खांब हातात घेऊन म्हणाली, "सुरी गरम करून काप, सरळ येईल." आम्ही तो खांब पुन्हा कापला. सरळ आला. एवढ्या वेळात मी तिचे आभार मानले नव्हते, ते तेव्हा मानले, आणि बोर्ड वाचत उभी राहिले होते ते मला आठवतंय असंही सांगितलं. ती म्हणाली, "मला पन आठवतंय," आणि दुसरा खांब उचलला.

ते गेल्यावर आई बशा गोळा करायला लागली. वडील पैसे काढून ठेवायला कपाटाकडे गेले. मी अंगण झाडत होते. आईची पाठ माझ्याकडे होती.

"आता बोलशील ना माज्याशी?" ती म्हणाली.

मला वाटलं होतं, तिला काही वाटतच नाही. एवढे दिवस तिने एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं, वाल सोलले होते, पंप लावला होता, मी मीठ मागितलं की मीठ दिलं होतं. आणि माझ्या अबोल्याचा प्रत्येक दिवस तिने मोजला होता. झाडू तिथेच टाकून मी तिच्या हातातल्या बशा घेतल्या.

"बोलते," मी म्हटलं.

"मग सांग. एवढी तीन वर्षं शिकनार काय हायस ते? मला कोनी सांगितलंच नाय."

मोरीपाशी बसून बशा विसळता विसळता मी तिला सांगितलं. डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते सगळीकडे असतात, काही माणसाला आजारी पाडतात, काही उपयोगाचे असतात. दुधाचं दही होतं तेही त्यांच्यामुळेच. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, बशी पुसून फडताळात ठेवली.

"म्हंजे दही लावायला शिकायला तू वर्ष पनाला लावलंस," ती म्हणाली. "मला इचारलं असतंस तर मी घरीच शिकवलं असतं."

मी तिच्या अंगावर पाणी उडवलं. ती ओरडली. आतून वडिलांनी विचारलं, काय चाललंय, आणि आम्ही दोघींनी एकदमच सांगितलं, काही नाही.